तोफेच्या डाव्या सीटवरून

वळ, ता. भिवंडी
१९ मे २०२५

चि. रुचिका हिस,

आधी कॅप्टनसाहेबांना एका रिटायर्ड नायब सुभेदाराचा सॅल्यूट, आणि मग पोरीला बापाचे आशीर्वाद. क्रम नियमाप्रमाणे आहे, तेव्हा तक्रार करू नकोस.

इकडे सगळे खुशाल. तुझी आई खुशाल आहे, पण माझ्याशी धड बोलत नाही. सार्थक खुशाल आहे, पण कोणाचं ऐकत नाही. लग्न तोंडावर आलं तरी तुझ्या भावाचं सगळं लक्ष हळदीच्या डीजेवर आहे. नवरी उन्नती मात्र गुणाची पोर. काल्हेरहून परवा साड्या दाखवायला आली होती, तर मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ताईंची साडी मी निवडली आहे. म्हणजे तुझी. तू येणार नाहीस हे तिला माहीत आहे, तरी निवडली. निळी आहे. रजा बंद म्हणजे बंद, ते मला कोणी समजवायला नको. पण साडी कपाटात ठेवलेली आहे एवढं कळवतो.

पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, गावात रेंज राहिली नाही. चारी बाजूंनी गोदामं, सगळे पत्रेच पत्रे. आपल्या भाताच्या खाचरावर जे गोदाम उभं आहे त्याच्या पत्र्यावर आपटून रेंज परत जाते, असा माझा अंदाज आहे. सार्थकच्या फोनला त्याच घरात रेंज कशी येते हे विचारू नकोस, त्याचा फोन महागाचा आहे. व्हॉट्सॲपवर लिहायचं तर माझे अंगठे बैलाचे, एका अक्षराला तीन उमटतात, आणि तू उत्तराला नुसता अंगठा दाखवतेस. म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या राखीच्या पाकिटावरून घेतला. छप्पन एपीओ, आपलं फौजेचं टपाल, वाचलं आणि पाकीट दोनदा उलटून बघितलं. माझ्या आईची पत्रं मला याच पत्त्यावर यायची.

मोरू रोज ओट्यावर येऊन बसतो. त्याचा टेम्पो गोदामात लावतो आणि इथे बसून जगाचं राजकारण चालवतो. सीमेवर ड्रोन येत होते त्या दिवसांत टीव्हीवर आपली एल-सत्तर तोफ दाखवली, तेव्हा धावत आला. "दादूस, तुझी तोफ आयली रं टीवीवर. मना वाटला कवाच भंगारान गेली असंल." मी म्हटलं, भंगारात तू जाशील, ती नाही. पण खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या वेळीच सांगत होते की ही आता जाणार, क्षेपणास्त्रं आली, असली ट्रकमागे ओढायची तोफ कोणाला हवी? आणि आता बघ. ते चिलटांसारखे ड्रोन आले तर म्हातारीलाच हाक मारावी लागली. माशी मारायला कोणी कुऱ्हाड काढत नाही.

म्हातारीला आता मोटर आहे, कॅमेरा आहे, रात्रीचं दिसतं, असं ऐकतो. नवे दात बसवले म्हणायचे. आमच्या वेळी सीटवर बसायचं, हॅन्डल फिरवायचं आणि डोळा लावायचा. तू पाच-सहा वर्षांची असताना दसऱ्याला युनिटमध्ये तोफांची पूजा झाली होती. झेंडूच्या माळा होत्या, नारळ होता, आणि तू माझ्या मांडीवर, डाव्या सीटवर. ती सीट लोखंडी होती, उन्हाने तापलेली. तू रडली नाहीस. म्हणालीस, बाबा, ही वर बघते. मी सगळ्या युनिटला सांगत फिरलो होतो.

बाकी मोरूचा आवडता विनोद अजून तोच आहे. नव्या माणसाला माझी ओळख करून देताना म्हणतो, "यांची तोफ व्हती, पन इमान काय आयला न्हाय." सगळे हसतात, मीपण हसतो. बावीस वर्षं विमानाची वाट बघत तोफेपाशी बसलेल्या माणसाला एवढं चालवून घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. तिकडचं सगळं थांबलं त्या संध्याकाळी तुझा फोन आला. आई काल्हेरला गेली होती, मी अंगणात होतो. आपण बराच वेळ बोललो, फार बरं वाटलं. पण तेव्हापासून तू आईच्या फोनवर बोलतेस आणि बाबांना दे म्हणत नाहीस. मी दाराशी उभा असतो, तुला दिसत नाही. काल आईने आपण होऊन विचारलं, बाबांना देऊ का? तर तू म्हणालीस म्हणे, नको, त्यांना सगळं छानच वाटतं. हे मला आईने ओरडून सांगितलं. वर विचारलं, "काय बोल्लाव तुमी पोरीला?" आता मी काय बोललो? शाब्बासच म्हणालो ना?

रागावली असशील तर शिक्षा दे. पाठीवर पिठ्ठू बांधून ग्राउंडाला फेऱ्या मारायला लाव, मारीन. पण बोलणं बंद करण्याची शिक्षा फौजेच्या कायद्यात नाही. ती फक्त आपल्या घरात आहे, तुझ्या आजीपासून चालत आलेली, आणि ती मला सोसत नाही.

तोफेजवळ असताना कानांवर ते मोठे डबे घालतेस ना? कापसाचे बोळे नकोत. स्वतः घाल आणि पोरांनाही घालायला लाव. कोणी मर्दुमकी दाखवून काढले तर त्याला झाप. हे बाप म्हणून सांगत नाही, नायब सुभेदार म्हणून सांगतो.

उत्तर लिही. फोन नको, लिही.

तुझा,
बाबा


वळ
२९ मे २०२५

चि. रुचिका हिस,

आशीर्वाद. लग्न झालं. उन्नती घरात आली, तुझी निळी साडी तिनेच घडी मोडू न देता पुन्हा कपाटात ठेवली. आई दमली आहे. सार्थक जरा माणसात आला आहे.

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्राला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून वाट न बघता दुसरं लिहितो. पहिल्या पत्रात मी रेंजविषयी जे लिहिलं ते खोटं होतं. रेंज उत्तम आहे.

हळदीपासून सांगतो, म्हणजे तुला हसू येईल. हसू आलं की पुढचं ऐकायला बरं पडेल.

तुझ्या भावाने डीजे आणला. सागर म्हणून कोणी पोऱ्या आहे, पंचक्रोशीत त्याचंच नाव. भिंतीएवढे स्पीकर, आपल्या मांडवाच्या एका कडेला रचलेले. तिकडची एक खुर्ची रिकामी दिसली, मी जाऊन बसलो. सावली होती, बरं वाटलं. हळद लागली, बायका नाचल्या, पोरं नाचली, मोरू नाचला. मी टाळ्या वाजवत बसलो. माझ्या लक्षात आलं नाही की माझ्या आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या होत्या. लोक कानांवर हात ठेवून पलीकडे गेले होते. त्या भिंतीला टेकून एकटा नवऱ्याचा बाप बसला होता, देवळात बसावं तसा शांत. पाहुणे म्हणाले असतील, फौजी आहे, तोफेची सवय आहे. पण तुझी आई हातात हळदीचं ताट घेऊन समोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी धवल्याची गाणी होती. आपल्याकडे लग्न लावायला भटजीच्या आधी गाणारी धवलारीण लागते, हे तू तिकडच्या मैत्रिणींना सांगितलं होतंस आणि कोणाचा विश्वास बसला नव्हता. पुतळाबाई आल्या होत्या. आता फार थकल्या आहेत, माईक लावू देत नाहीत. पाटासमोर बसून हलक्या आवाजात धवला म्हणत होत्या. मी समोर बसून मान डोलवत होतो. मला तो सगळा येतो. आईने म्हटलेला, आत्याने म्हटलेला, माझ्याच लग्नात म्हटलेला. पुतळाबाईंचे ओठ हलले की पुढची ओळ माझ्या डोक्यात आपोआप येत होती. मला वाटत होतं, मी ऐकतोय.

मग त्या मध्येच थांबल्या आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. धवल्यात नवऱ्याच्या बहिणीचं नाव गुंफायचं असतं ना, ते त्या विचारत होत्या. "करवली कोन हाय? नाव सांग." हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त हललेले ओठ दिसले, आणि ते धवल्यातले नव्हते.

मी म्हणालो, "छान."

मांडव हसला. पुतळाबाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "हो हो, छान चाललंय." आता कोणी हसलं नाही. तुझी आई उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणे तिने मला हाक मारली. दोनदा. मी वळलो नाही. मग ती पुढे येऊन वाकली, उजव्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "तुमाना आयकू येत न्हाय. कवापासून?"

मांडवात सगळे बसलेले, पोराचं लग्न, आणि ती तिथेच रडली. मी तिला रडताना पाहिलं. पुतळाबाईंनी तिला पाटाजवळ बसवलं आणि स्वतःच ओळ जुळवून धवला पुढे नेला. नंतर आईने ती ओळ मला माझ्या कानात म्हणून दाखवली:

"नवऱ्याची बहीन कुठं गेली गो,
तोफेच्या राखनीला बसली गो."

आता पोरी, ऐक.

डावा कान गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी डाव्या सीटवरचा लेअर, नेम धरणारा, मग तोफेचा नंबर वन, म्हणजे तिचा प्रमुख. सरावाच्या रेंजवर फायरिंग असलं की आम्ही कापूस घालायचो आणि जो कापूस घालायचा नाही तो जास्त मर्द. मी बहुतेक वेळा मर्द होतो. पेन्शनीवर आलो तेव्हा उजव्या कानाला चांगलं यायचं. मग तोही बसत गेला. गेल्या दिवाळीपासून समोरचा माणूस मोठ्याने बोलला तर कळतं, ओठ दिसले तर कळतं. फोनमध्ये ना ओठ ना काही. बाटलीत माशी अडकावी तशी गुणगुण येते.

लपवलं का, ते सांगतो. तू अकादमीतून विचारलं होतंस, बाबा, कोणती शाखा मागू? मी सांगितलं, एअर डिफेन्स माग, आपली तोफ आहे. तुझी आई तेव्हा नको म्हणत होती. तोफेने माझे कान खाल्ले हे तिला कळलं असतं, तर तिने तुला त्या तोफेच्या आसपास फिरकू दिलं नसतं. मला तू तिथे हवी होतीस. म्हणून रोज हसत मान हलवली आणि जे विचारतील त्याला छान म्हणत गेलो. बहिऱ्याला हा शब्द फार उपयोगी पडतो. दहातल्या नऊ वेळा खपतो.

तुझ्या फोनच्या वेळी तो दहावा होता.

मला तुझा आवाज कळला. म्हणजे तू आहेस, एवढं कळलं. तू जिवंत आहेस, बोलते आहेस, बराच वेळ बोलते आहेस. मला एवढा आनंद झाला होता की बाकीचं न कळल्याचं काही वाटलं नाही. मध्ये मध्ये तू थांबायचीस. तू थांबलीस की मी म्हणायचो बरं. पुन्हा थांबलीस की छान. शेवटी बराच वेळ गुणगुण थांबली, तेव्हा वाटलं काहीतरी मोठं सांगून झालं, म्हणून म्हणालो, शाब्बास. मग फोन बंद झाला.

तू काय बोललीस ते मला माहीत नाही, बाय. एक शब्दही माहीत नाही.

आईला तू काही सांगितलेलं नाहीस, तिला मी विचारलं. म्हणजे जे होतं ते फक्त मला सांगायचं होतं. ते लिहून पाठव. दोन ओळी असल्या तरी चालेल. नसेल लिहायचं, तर तेही लिही. फक्त मी ऐकून घेतलं आणि मग छान म्हणालो, असं मनात ठेवू नकोस. माझ्या कानांचं मला फार वाईट वाटत नाही. तुझ्या मनात तो शब्द बसला असेल, त्याचं मात्र फार वाटतं.

तुझा,
बहिरा बाबा


वळ
१७ जून २०२५

माझी बाय,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन गोदामांच्या गर्दीत घर चुकतो म्हणून मी रोज नाक्यापर्यंत जाऊन उभा राहत होतो. मोरू म्हणायचा, "दादूस, कोनाची वाट बगतंस? इमानाची?" पत्र आलं त्या दिवशी त्याला मी माझ्याकडून चहा पाजला.

आधी थोडं इकडचं सांगतो. तुझ्या पत्राचं उत्तर सुरू करायला मला जरा वेळ लागतोय.

उन्नतीने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. सार्थक नाही, उन्नती. म्हणाली, बाबा, मी काय बोलते ते तुम्हाला ऐकू यायला हवं, नाहीतर या घरात माझी बाजू कोण घेणार? कामतघरला डॉक्टर आहेत. त्यांनी ऐकायचं मशीन लावून बघितलं, माझं कायमचं यायला थोडे दिवस आहेत. ते कानात बसवलं आणि एकदम खटाखट खटाखट सुरू झालं. मी दचकून उठलो. म्हटलं मशीन बिघडलं. डॉक्टर हसून म्हणाले, "चाचा, ये तो बाजूवाला लूम है." दवाखान्याच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू होता. मी भिवंडीतच जन्मलो, वाढलो आणि मागाचा आवाज गेला होता ते मला कळलंही नव्हतं. उन्नती म्हणाली, तुम्ही रडताय. मी म्हटलं, मशीन टोचतंय.

डॉक्टरांनी हेही सांगितलं की मशीनने थोडं येईल, सगळं येणार नाही. फोनवरचं तर सांगता येत नाही म्हणाले. ते राहू दे.

आई तुझ्या पत्राभोवती घिरट्या घालत होती. मी तिला शेवटचं पान दिलं, जिथे तू लग्नाचं आणि साडीचं लिहिलं आहेस. पहिली दोन पानं माझ्या ट्रंकेत, गणवेशाखाली ठेवली आहेत. तिने मागितली नाहीत. ती तीस वर्षं फौजीची बायको आहे, तिला कळतं कोणतं पान कोणाचं.

तू लिहिलंस की त्या रात्री आकाशात ड्रोनचे लाल ठिपके दिसायला लागले, खाली, संथ, पतंगासारखे. तुझ्या एका तोफेची वीज गेली आणि कॅमेरा बंद पडला. तू हाताने चालवायचा हुकूम दिलास, पोरं सीटवर बसली, हॅन्डल फिरलं, सगळं शिकवल्यासारखं झालं. मग फायर म्हणायची वेळ आली आणि तुझ्या तोंडातून आवाज निघेना. डाव्या सीटवरच्या पोराने मान वळवून तुझ्याकडे बघितलं. तू लिहिलंस, ते बघणं मी कधी विसरणार नाही. मग आवाज निघाला. तोफ चालली, पहिला ठिपका विझला, मग दुसरा. सगळे ओरडले, तुला उचलायला धावले, आणि तू ट्रकमागे जाऊन उलटी केलीस.

आणि मला फोनवर तू विचारलंस, बाबा, तो एक क्षण मी भ्याले होते. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर भ्यालं नसतं का? तुम्हाला कधी असं झालं होतं का?

आणि मी म्हणालो, छान.

मग तू म्हणालीस, बाबा, तुम्ही थट्टा करताय का? आणि मी म्हणालो, शाब्बास.

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि गोदामाच्या मागे, जिथे खाचराचा एक तुकडा अजून उरला आहे, तिथे जाऊन बांधावर बसलो. माझी पोर एवढं जड उचलून माझ्याकडे घेऊन आली, आणि मी तिला दारातच शाबासकी देऊन परत पाठवली. बाय, मला माफ कर. तुझ्या पत्रात तू लिहिलंस, आता काही राग नाही, उलट हसू येतं. तुला हसू येत असेल तर चांगलं आहे. मला ते अजून यायचं आहे.

आता तुझा प्रश्न. तो तू मला विचारलास आणि उत्तर अजून मिळालेलं नाही.

तुला ठाऊक आहे, मी युद्धात एकही गोळी झाडली नाही. रेंजवर समुद्राच्या बाजूला विमानामागे बांधलेलं कापड असायचं, त्याला छिद्रं पाडली, बस. नव्व्याण्णव साली, कारगिलच्या वेळी, आमची तोफ एका विमानतळाच्या कडेला होती. मी नाईक होतो, डाव्या सीटवर, गोळी सोडायचं पॅडल माझ्या पायाखाली. तू दोन वर्षांची, भिवंडीत. दिवसभर आकाश बघायचं, आणि आकाशात काही नसायचं. गावात मी तेवढंच सांगितलं आहे. मोरूचा विनोद त्यावरच चालतो, आणि मीच तो चालू दिला.

विमान आलं होतं.

सकाळची वेळ, नुकतं उजाडलं होतं. उत्तरेकडून, खाली, एकटंच. कुठून येतंय, कोणाचं आहे, सांगितलेलं नव्हतं. वायरलेसवर नुसती खरखर. आमचे उस्ताद, म्हणजे तोफेचे नंबर वन, ओरडले, टार्गेट. मी हॅन्डल फिरवलं आणि विमान बरोबर माझ्या काचेत आलं. आयुष्यात एवढं चांगलं कधी धरलं नव्हतं. पाय पॅडलवर. उस्तादांचा फायर आला की दाबायचं, एवढंच काम. आणि मी देवाला म्हणत होतो, म्हणू नको, म्हणू नको. समोर शत्रू असेल तर मागे विमानतळ जळेल, हे मला कळत होतं. तरी म्हणत होतो, म्हणू नको. त्या विमानात कोणीतरी बसलेला आहे, तो सकाळी चहा पिऊन निघाला असेल, असं काहीतरी डोक्यात आलं. मी मान वळवून उस्तादांकडे बघितलं. लेअरने तोफेवरून नजर काढायची नसते, बाय, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी काढली.

उस्तादांचं तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता. तेव्हा माझे कान चांगले होते, तेव्हा आवाज नव्हताच.

मग वायरलेस बोलला. विमान आपलंच होतं, वाट चुकून भलत्या बाजूने आलं होतं. आमच्या डोक्यावरून गेलं आणि उतरलं. मी सीटवरून उतरायला गेलो तर पाय उतरेना. पॅडलवरचा पाय नुसता थडथडत होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. उस्ताद खाली बसले, त्यांनी माझा बूट काढला, मोजा काढला आणि माझी पोटरी चोळत बसले. ते साताऱ्याकडचे, मिशावाले, सगळी तुकडी त्यांना घाबरायची. बूट परत चढवताना म्हणाले, "केसरी, कुणाला सांगू नको." मी सांगितलं नाही. आईलाही नाही. तुला पहिल्यांदा सांगतो.

एक क्षण तोंड उघडं राहिलं म्हणून त्या दिवशी एक माणूस घरी गेला. तुझ्या वेळी तसं नव्हतं, तुझ्या वेळी हुकूम द्यायलाच हवा होता, आणि तू दिलास. मी हे दोन्ही एकच आहे असं म्हणत नाही. तुझ्याएवढं मी केलेलं नाही, त्यापुढचं मला माहीत नाही. गोळी सुटल्यावर काय होतं ते या घरात फक्त तुला माहीत आहे. तू रजेवर आलीस की मला सांग. समोर बसून, ओठ दिसतील असं. नाही सांगितलंस तरी माझ्या शेजारी बस.

पण त्या गोळीच्या आधीचं मला माहीत आहे. आणि डाव्या सीटवरचा तो पोरगा मान वळवून तुझ्याकडे का बघत होता, तेही मला माहीत आहे. तुझा आवाज निघाला नाही म्हणून नव्हे. तुलाही तसंच वाटतंय का, ते बघायला. त्याला तुझ्या तोंडावर ते दिसलं असेल, तर त्याला बरंच वाटलं असेल. मला वाटलं होतं.

त्याची पोटरी कोणी चोळली का, विचार त्याला. नसेल, तर तूच जरा त्याच्याजवळ बस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे आणि ते द्यायला मला तीन पत्रं लागली. हो, बाय. मला झालं होतं.

तुझ्याएवढाच भ्यालेला,
तुझा बाबा